मागची खरखर

शेणवा
१५ एप्रिल, सोमवार

चि. दिपेशला आजीचा आशीर्वाद. आमी सगळी बरी हाव. म्हैस व्याली, पण रेडा झाला. मितालीची हळद वैशाखात हाय. बहीण तुझीच हाय, आठवण असंल.

आता राग ऐक. फोनवर बोलायला लागले की तू 'रेंज नाय' म्हणतोस, म्हणून लिवते. दुसरी शिकलेली हाय मी, पण शिव्या शुद्ध लिवता येतात.

तू पाठवलेला पेनड्राइव्ह तुझ्या काकाच्या भावेशनं स्पीकरला लावला. तू भरून घेतलेले माझे लग्नातले धवळे. मी 'मांडव घातला आंब्याच्या डहाळीचा' म्हणून थांबते, आणि पुढं कायच नाय. मग परत माझीच ओळ. येड्या बाईसारखी एकटी वरडते. अरे, आमी धवलारणी गाऊन लग्न लावतो ते दोघी मिळून. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं झेलायची. माझी ओळ झेलणारी तुझी आय होती, बाळी.

तुला विचारलं तर म्हणालास, "आजी, फायली लय जड होत्या, कॉम्प्युटर भरला. एमपीथ्री करून हलक्या केल्या. दोन माइक होते, एकच बाजू ठेवली. मागची खरखर पण काढली."

खरखर!

दुसरा माइक कोणाच्या पदराला लावलेलास, मुडद्या? "आय, हलू नको" म्हणालेलास, नि ती हसलेली. ते हसू पण गेलं तुझ्या हलक्या करण्यात. पाखडताना कोंडा उडवायचा असतो, तू तांदूळ उडवलास. बाळीचा गळा खरखरीत होता, ते मी बोलीन. मी सासू हाय. तू नाय बोलायचं.

मूळच्या फायली कुठं, तर म्हणे "डिलीट केल्या, बघतो."

ती वारल्यापासून लोक लग्नाला बोलवायला येतात, मी सांगते दम लागतो. दम नाय लागत. ओळ टाकली की उजवीकडं वाट बघत बसते, नि पुढची ओळच येत नाय. मितालीच्या मांडवात मी गायचं नि स्पीकरातनं तिच्या आयनं झेलायचं, एवढं मनात धरलेलं. कोणाला बोलले नाय.

म्हणून 'बघतो' नको. बघ. कॉम्प्युटरात शोध, जुन्या फोनात शोध, त्या रेकॉर्डरच्या कार्डात शोध. कोणाच्या पाया पडायला लागलं तरी पड.

नायच गावलं तर हळदीच्या आदल्या दिवशी ये, नि माझ्या उजव्या अंगाला तिच्या पाटावर बस. झेलायचं तू. तिच्या मांडीवर लोळून सगळं ऐकलंयस, येत नाय म्हणू नको. बाप्या माणूस धवळे गातो म्हणून गाव हसंल. हसू दे. गळा खरखरला तर खरखरू दे.

बाळीची सासू,
धोंडीबाई