प्रितेशच्या खोलीतल्या दोन ट्यूब

भिवंडी,
२३ नोव्हेंबर २००७

चि. सौ. करिष्मा हिला सासऱ्याचे आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. खारबावला तुझ्या माहेरची मंडळी बरी असतील. प्रितेश जेवतो ना?

त्याच्यासाठी जी खोली केली तिला खरं काय लागलं, ते आधी लिहितो. भिंतीपलीकडच्या कारखान्यातले दोन लूम गेले. तुझ्या सासूची रस्त्याकडची खिडकी बुजली, आता भाजीवाला निघून गेल्यावर तिला कळतं. आणि तुझा नवरा मनोज माझ्याशी कामापुरतं बोलतो. रुपये मी धरत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मुलगा स्वमग्न आहे, आवाज, उजेड, वास त्याला आपल्यापेक्षा जास्त टोचतात, घर त्याच्याजोगतं करा. केलं. भिंतींवर जाड कापडाचे पडदे, खाली रबराची चटई, अंगावर ओढून बसायला जड गोधडी, फोडणीचा वास येऊ नये म्हणून दाराला पट्टी. आणि आवाजाचं मला कोणी शिकवू नये. चोवीस लूम धडधडत असताना कुठल्या लूमचा धोटा अडकतोय, ते मी ओट्यावर चहा पिता पिता सांगतो. कारागीर म्हणतात, "सेठ के कान से कुछ नहीं छूटता."

म्हणूनच रविवारी डोकं फिरलं. तू त्याला खोली दाखवायला घेऊन आलीस, त्याने दारातच कान झाकले आणि भिंतीवर डोकं आपटायला लागला. मी म्हटलं, "इथं कसला आवाज हाय? सांग ना, कसला?" तू म्हणालीस, "बाबा, ट्यूब. पिवळा बल्ब लावा म्हणून मी आधीच सांगितलेलं."

पुढे मी जे बोललो ते आळीनेही ऐकलं. लिहीत नाही.

पोरी, मी वाढलो त्या घरात एकच पिवळा बल्ब होता, तोही शेजाऱ्याच्या वायरीवर. नातवाच्या खोलीत दोन दोन ट्यूब लावल्या त्या काय त्याचा वैरी म्हणून? पण तू चप्पल घातलीस आणि सहा वर्षांचं पोर कडेवर घेऊन चालू लागलीस.

तू गेल्यावर तुझ्या सासूला म्हटलं, "सून कारणं काढते. ट्यूब कधी आवाज करते का?"

ती भाजी निवडत होती. "करते ना. कानात मच्छर शिरल्यागत. माजं पन डोकं धरतं."

"मंग बोलली का न्हायस?"

"बोलले. तुमी सांगितलंत, मना ऐकू येत न्हाय म्हंजे आवाज न्हाय."

मनोजला विचारलं. त्यालाही येतो. वायरमन तुळशीरामला बोलावलं, तर म्हणतो, "नवीन चोक हाय शेठ, थोडं कुंई करनारच." म्हणजे अख्ख्या घराला ठाऊक, आणि मी एकटा त्या खोलीत उभा राहून ओरडत होतो! सांग, कोणावर चिडायचं? मनोज म्हणाला, "बाबा, एकदा कान दाखवा." सगळ्यांना खोटं पाडायचं म्हणून काल ठाण्याला गेलो.

ट्यूब काढल्यात. पिवळा बल्ब लावलाय, वर कागदाची टोपी घातली. खोलीत बसून बघितलं, मला काही फरक कळला नाही. तो प्रितेशच सांगेल. तू त्याला घेऊन ये. मी दारात उभा राहणार नाही. बोलायची वेळ आली तर हळू बोलेन. हळू म्हणजे किती, ते तू हाताने दाखव.

आणि पिवळे बल्ब तुमच्या खारबावला गोठ्यात लावतात हे जे मी बोललो, ते तुझ्या वडिलांच्या कानावर घातलं नसशील तर बरं. घातलं असशील, तर मी येऊन त्यांच्यासमोर मागे घेतो.

तुम्हा दोघांची वाट बघणारा,
केसरीनाथ

ता. क. कान तपासणाऱ्या बाईंनी लिहून दिलंय. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज मला दोन्ही कानांनी ऐकू येत नाहीत.