ताणलेली टेप

वरोरा, १ ऑक्टोबर २००१

चि. नाहीद हिस, बशीरमामूचे अ. आ. व दुआ.

रुबीनाच्या निकाहला महिना राहिला. माझी पोरगी चालली, तरी मला घोर तुझा लागलाय. नदीममियाँ तुझ्या जोड्याचं कापड आणि मापाची चिठ्ठी देऊन गेले. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून मोकळं लिहितो. चिठ्ठीत कंबर अडतीस आहे. तुझ्या लग्नाचा जोडा मीच शिवला, तेव्हा अठ्ठावीस होती. तीन वर्षांत एवढा फरक? हे माप कोणाचं, असं विचारलं तर जावई खाली बघत म्हणाले की मामू, तुम्ही फक्त शिवा.

दोन ईदा ते एकटेच आले. तू कधी तापात, कधी पाहुण्यांत. मामी म्हणते, काऊन जी, त्यानं दुसरी तर नाई केली? तिला गप्प केलं, पण मीही कापडाला कात्री लावलेली नाही. खरं ते कळव.

माया आहेच, ती टेपनं मोजायची नाही.
बशीरमामू

सिमेंट कॉलनी, कोरपना, ६ ऑक्टोबर

ती. मामूंना नाहीदचा सलाम, वि. वि.

मामीचं डोकं कुठं कुठं धावतं! इथं सगळं उत्तम. दारात नळ, घरात गॅस, मिक्सर, टीव्ही. कॉलनीच्या दुकानात फरसाण, क्रीमची बिस्किटं, दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया, सगळं पाकिटात मिळतं. ज्वारी दळायला कोण जातो आता? आमची टेप जुनी आहे, ताणली गेली, म्हणून माप जास्त आलं असेल. तरी तुम्ही चिठ्ठीप्रमाणेच शिवा. निकाहला यायचं बघते. नाही जमलं तर हे येतील.

भाचीवर रागावू नये.
नाहीद

वरोरा, १० ऑक्टोबर

चि. नाहीद, अ. आ.

तीस वर्षं मशीन चालवतो आहे, मला टेप शिकवू नकोस. ताणलेली टेप माप कमी दाखवते, जास्त नाही. तू खोटं लिहिलंस. टेप ताणली असं सांगतेस आणि वर चिठ्ठीप्रमाणेच शिवा म्हणतेस, म्हणजे ती बाई तुझ्या घरात आहे आणि तू तिला झाकते आहेस. पुढच्या शुक्रवारी दुकान बंद ठेवून दोन जाणती माणसं घेऊन येतो. जावयांनी कबूल केलं नाही तर तुला सोबत घेऊनच परतेन.

तुझ्यासाठी भांडायला तयार असलेला,
बशीरमामू

सिमेंट कॉलनी, १४ ऑक्टोबर

ती. मामूंना सलाम, वि. वि.

हात जोडते, माणसं आणू नका. घरात दुसरी कोणी नाही. माप माझंच आहे.

वरोऱ्यात हापशावरून पाणी भरायची मी, भाकर खायची. इथं दुपारभर टीव्हीपुढं बसून पाकिटं फोडते, तहान लागली की फ्रिजमधली गोड बाटली. आधी वाटलं नजर लागली, मग सासूनं काही खाऊ घातल्याचा शक धरला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी साखर निघाली म्हणून सांगितलं आणि खाण्याची यादी विचारली. यादीतली एकही वस्तू माझ्या हातची नव्हती. सत्तावीस वर्षांची आहे मी, मामू. जिना चढताना दम लागतो. लोक बघतील म्हणून येत नव्हते. ह्यांना कोणाला सांगू नका अशी शपथ मीच घातली, म्हणून बिचारे खाली बघत होते.

अजून एक खोटं राहिलं. चिठ्ठीत अडतीस मी लिहवलं. खरी कंबर चाळीस आहे.

लाज वाटते, तरी तुमचीच,
नाहीद

वरोरा, १८ ऑक्टोबर

चि. नाहीद, अ. आ. व दुआ.

नदीममियाँना माझा सलाम सांग आणि माझ्या वतीनं माफी माग. मी चुकलो. काल मामी झोपल्यावर स्वतःची कंबर मोजली. किती भरली ते तिला सांगितलं नाही आणि तुलाही सांगणार नाही. चहासोबतचा बिस्किटांचा पुडा मात्र दुकानातून काढून टाकला.

जोडा चाळीसचाच शिवतो, तंग करून फसवणार नाही. पण बाह्या अजून लावल्या नाहीत. त्या तुझ्या अंगावर बघूनच लागतील. चार दिवस आधी ये. भाकर मामी करील, दळण तू आणशील.

वाट बघणारा,
बशीरमामू