पान्हा चोरते म्हणे

६ नोव्हेंबर, गुरुवार

वर विहीणबाई मलाच म्हणते, तुमच्या गावाला रस्ता तरी आहे का! ह्याच रस्त्यानं मी माझी पोर प्रिस्किला पोटात असताना भाताचे भारे वाहिले. तेव्हा नाही कोणी रस्ता विचारला. पहिलं बाळंतपण आईकडे — ख्रिस्ती असो की हिंदू, आमच्या डोंगरात सगळ्यांकडे हेच. विहीणबाई एस्तेरनं ते मोडलं. पाऊस आहे, जीप अडकेल, नवापूरला दवाखाना घराजवळ आहे, म्हणून माझ्या प्रिसीला पाठवलंच नाही. मी पण सांगितलं, मग तुमच्या उंबऱ्यात मी पाऊल टाकायची नाही. बोलले ते बोलले.

आता नात सव्वा महिन्याची झाली. मी बघितली नाही. आमचे मालक इमॅन्युएल जाऊन बघून आले. कशी आहे विचारलं तर म्हणतात, लहान आहे. लहान आहे! एवढं बघायला एवढ्या लांब गेले.

चुलीजवळचा कोपरा मी सारवून ठेवला होता. खाट टाकली होती. आता तिथे भाताची पोती आहेत. भाकर थापताना तिकडे बघत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन केला. पाण्याच्या टाकीपर्यंत चढावं लागतं, रेंज तिथेच. विचारलं, दूध येतं का? प्रिसी म्हणाली, येतं थोडं. थोडं म्हणजे किती? म्हणाली, बाटली सुरू केली. वजन वाढत नाही म्हणून सासूबाईंनी केली.

खायला काय देतात? सकाळी भाताची पेज. दुपारी? पेज. डाळ दिली तर पोराच्या पोटात वायू होतो, सुकट दिली तर पोराला खाज सुटते, असं एस्तेरबाईंचं शास्त्र. पेजेवर कुठे दूध उतरतं! माझं डोकंच फिरलं. दोन वेळा परत फोन केला. आलं का दूध? आलं का?

९ नोव्हेंबर, रविवार

प्रार्थना सुटली तसं मालकांना नवापूरला धाडलं. नागलीचं पीठ, उडदाची डाळ, अळिवाचे लाडू, शेवग्याचा पाला, सुकट, आणि पाय बांधून एक गावठी कोंबडी. मालक म्हणाले, मी काय दुकान लावायला चाललो का? म्हटलं, चाला.

संध्याकाळी आले. लाडू एस्तेरनं फळीवर ठेवले, नंतर बघू म्हणाली. कोंबडी लगेच कापली. मालक दोनदा रस्सा घेऊन जेवले. आणि पोरीला? तिखट होता म्हणून तिला पेज.

भांडी इतकी जोरात घासली की शेजारची जमनाबाई बघायला आली, काय फुटलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

टाकीजवळ पोचले तोच एस्तेरचा फोन. स्वतः केला! मला वाटलं, आता पाठवते म्हणेल. तर म्हणाली, "राग नको मानू सोनीबाई, पण तुझी मुलगी पान्हा चोरते."

गाईला म्हणतात तसं. माझ्या पोरीला!

मी फोन ठेवून दिला. नंतर तिथेच दगडावर बसून राहिले. विचार केला, गाय पान्हा कधी चोरते? आमची तांबडी मला लोटाभर देते. गेल्या साली मला ताप होता, शेजारचा झिपरू दूध काढायला बसला, तर थेंब नाही. सड गच्च, आणि थेंब नाही. दूध होतंच ना आत. अनोळखी हात होता. तिनं वर धरलं.

मग माझ्या पोरीपुढे कोण बसतं?

१२ नोव्हेंबर, बुधवार

जावयाला फोनवर विचारलं. दानियल सरळ आहे, आईसमोर तोंड उघडत नाही एवढंच. बाहेर अंगणात जाऊन हळू बोलला. सकाळ-संध्याकाळ त्याची आई प्रिसीपुढे वाटी ठेवते. पिळून दाखव म्हणते, किती येतं बघू. शेजारच्या बायापण येतात. कोणी म्हणतं असं दाब, कोणी म्हणतं तसं. वाटीत काही पडत नाही. मग बाटली.

दानियल म्हणाला, "आईचा एक मुलगा लहानपणीच वाळत वाळत गेला. ती घाबरते." घाबरते तर घाबरू दे. पोरीची अब्रू वाटीत काढायची का?

जेवले नाही. नागली दळली नुसती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नर्सबाई रूपाली गावात लसीकरणाला आली होती. तिला धरलं. म्हटलं, पेजेवर दूध येईल का, नाही का, एकच सांग, मला भात झोडायला जायचंय.

ती म्हणाली येईल. मला पटलं नाही. म्हणाली, बाई उपाशी असली तरी दूध बनतं, तिच्या अंगातून, हाडातून निघतं. पोराला मिळतं, आई खंगते. "खाणं दुधासाठी नाही पाठवायचं मावशी, पोरीसाठी पाठवायचं." मग विचारलं, नदीत झिरा करता ना तुम्ही? वाळू उकरून पाणी काढलं तेवढं भरतं. नाही काढलं तर वाळू परत बसते. तसं आहे. पोरानं ओढलं तर बनतं. बाटलीनं पोट भरलं की पोर ओढत नाही, ओढलं नाही की कमी बनतं, कमी बनलं की अजून बाटली. आणि दूध सुटायला बाईचं मन सैल लागतं. लाज, भीती असली की आत असून सुटत नाही.

मी म्हटलं, म्हणजे गाईसारखं. ती हसली. हो म्हणाली. बाटली एकदम तोडू नका, पण आधी अंगावर लावा, वेळ बघू नका, आणि दर आठवड्याला वजन करा. मी पुतण्याकडून हे सगळं दानियलच्या मोबाईलवर लिहून पाठवलं.

म्हणजे माझी पोर हाडातून काढून देते. पाठवलेले लाडू फळीवर.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज वेगळंच झालं. फोन लावला तर प्रिसी एकटी होती, सासू बाजारात. मी दुधाचं विचारायच्या आत आमच्या बोकडाचं सांगायला लागले. काल संध्याकाळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये घुसला आणि नाताळसाठी केलेली कागदाची फुलं खाऊन गेला. पास्टर मागे, बोकड पुढे, आणि लोक डोळे मिटून आमेन म्हणतात! प्रिसी हसली. किती दिवसांनी. लहानपणी हसायची तशी, नाकातून. मागे पोर रडायला लागली.

मग एकदम म्हणाली, "आई, ब्लाऊज भिजला."

म्हटलं, फोन ठेव, पोर घे. ठेवला तिनं. मी टाकीजवळ तशीच उभी. माझी पण छाती दुखायला लागली, ह्या वयात, कोरडी. वेड आहे हे.

एवढ्या लांबून माझ्या आवाजानं होतं, तर माझ्याजवळ असती तर काय झालं असतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

भाताची पोती हलवली. कोपरा परत सारवला. खाट टाकली. एस्तेरला सकाळीच कळवलं, पोरीला घेऊन जातो, एक महिना. मला वाटलं भांडेल. म्हणाली, न्या, मी काय बांधून ठेवली का? मला पण रात्रभर झोप नाही तिच्यामागे.

मालक जीप घेऊन गेले. मी कोंबडीचा रस्सा केला, तिखट न घालता. गाडीचा आवाज आला तशी पळत गेले. मालक एकटेच उतरले.

"ती नाही म्हणाली," म्हणाले.

एस्तेर नाही. दानियल नाही. माझी पोर नाही म्हणाली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फोन केला. ओरडायचं ठरवून केला. म्हटलं, का गं, तिकडची पेज गोड लागते का?

शांत होती. म्हणाली नर्सबाईंचा निरोप मिळाला, वाटी बंद झाली, दानियलनं आईला समोर सांगितलं. पोर ओढते आता, बाटली दिवसातून एकदाच. मग ये ना घरी, म्हटलं. तर म्हणाली,

"तिथे आले तर तू बसशील समोर. दिवसातून तीन वेळा फोन करतेस आई, आणि एकच विचारतेस. आलं का, आलं का. माझा फोन वाजला तरी छाती घट्ट होते. त्या दिवशी तू विचारलंच नाहीस, म्हणून आलं."

मी आणि एस्तेर सारख्या? मी नागली दळली, मी शेवगा तोडला, मी!

तरी पण. तिचं अंग दुखतं का, झोप होते का, हे मी एकदाही विचारलं नाही. तेवढं मात्र खरं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

फोन केला नाही. फार कठीण गेलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मालकांकडून मोबाईल सुरू करून घेतला, त्यात बोलून निरोप पाठवला. पहिल्यांदा मी ओरडले म्हणून पुसून परत बोलले. "प्रिसी, तू येऊ नको. मी येते, तुझ्या सासूच्या घरी. चुलीजवळ झोपेन, पेज देतील ती खाईन, तिच्याशी भांडणार नाही. तुझं डोकं माझ्या मांडीवर घेईन, दुसरं काही बघणार नाही. पण तुला नको असेल तर नको. शनिवारपर्यंत सांग, येऊ का. रविवारी सकाळी जीप आहे."