बेटांची गुणपत्रिका

समुद्रपूर,
दि. २१ ऑक्टोबर २०२१

ती. धुरपताक्कास,
मधूचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे खुशाल आहोत, तुम्हीही सगळे केळझरला खुशाल असाल. तुझ्या नीरजची वांगी यंदा चांगली लागली असं ऐकलं. शालूचे गुडघे होते तसेच आहेत, जिभेला मात्र काही झालेलं नाही. आम्हा दोघांचे दोन्ही डोस झाले. तुझेही झाले हे नीरजने फोनवर सुरभीला सांगितलं, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो.

झाली ख्यालीखुशाली. आता बातमी ऐक, आणि आधी खाटेवर नीट बस. अक्का, आपण समुद्र बघायला चाललो! बोरचं धरण नाही, तळं नाही, खराखुरा खारा समुद्र, आणि त्याच्या मधोमध एक बेट. साठी बुद्धी नाठी म्हणशील, म्हण. समुद्रपुरात तीस वर्षं काढली, पोरांना तेहतीस वर्षं भूगोल शिकवला, शेकडो वेळा फळ्यावर लाटा काढल्या, आणि पायाला अजून खारं पाणी लागलेलं नाही. आता बस झालं.

नात सुरभी दिवाळीच्या सुट्टीसाठी आधीच येऊन बसली आहे. तिचा मोबाइल आणि माझा चष्मा, अशी आमची आठ दिवस कचेरी चालली होती. या रोगराईत कोणतं बेट सुरक्षित, हा प्रश्न. निवृत्त झालो तरी मास्तर तो मास्तरच, मी फुलस्केप कागदावर तक्ता आखला. शंभर गुणांचा पेपर. रोगी किती, याला वीस. गर्दी किती, याला वीस. जाण्यायेण्याला दहा, जेवणाला दहा. आणि दवाखाना किती जवळ, याला चाळीस.

शालू पोळ्या लाटता लाटता डोकावली. म्हणाली, "फिराले चाल्ले का भरती व्हाले? चाळीस मार्क दवाखान्याले!"

मी तरी चाळीसचे चाळीसच ठेवले.

तर निकाल ऐक. पहिलं मालदीव. तिथे म्हणे एका बेटावर एकच हॉटेल, शेजारीपाजारी कोणी नाही. गर्दीत वीसपैकी वीस! पण पासपोर्ट हवा, आणि मोठा दवाखाना गाठायचा तर आधी बोटीत बसा. सुरभीने फोटो दाखवले, पाण्यावर खोल्या बांधलेल्या. शालू म्हणाली, "येवढ्या दूर जाऊन आपलंच तोंड आपून पाहाचं, तं घरी काय वाईट आहे?" चौसष्ट गुण.

दुसरं लक्षद्वीप. तिथे परवानगीचे कागद लागतात, कोणीही उठून जाऊ शकत नाही. मला तर हे फार आवडलं. पण नारळाशिवाय तुझ्या तोंडाला रुचेल असं तिथे काय मिळेल, याचा काही अंदाज येईना. अडुसष्ट.

आणि अंदमान! अक्का, नागपूरहून विमानाने चेन्नई, तिथून पुढचे दोन-अडीच तास खाली नुसता समुद्र. तू खिडकीशी बसायचं, हे ठरलेलं आहे. आपलाच देश, हिंदी बोललं की काम भागतं, पोर्ट ब्लेअरला मोठा दवाखाना आहे. उतरताना तपासणीचा रिपोर्ट मागतात म्हणे. मागू देत, माझ्यासारख्या भित्र्या माणसाला तेवढाच आधार. एक्क्याऐंशी गुण, पहिला नंबर.

पेपर तपासून मी ऐटीत शालूसमोर ठेवला. लग्नाला सदतीस वर्षं झाली, तिने माझ्या कागदावर कधी शेरा मारला नव्हता. त्या दिवशी पिठाच्या हाताने माझा लाल पेन उचलला आणि खाली लिहिलं, "धुरपताक्का येणार नसतील तर सगळी बेटं नापास."

तुला आपल्या रोहणा गावच्या शाळेतला तो नकाशा आठवतो का? मी पहिलीत होतो, तू सातवीत. बंगालच्या उपसागरात बारीक बारीक ठिपके होते. मला वाटलं माश्यांनी घाण करून ठेवली आहे, म्हणून मी थुंकी लावून पुसायला गेलो. तू माझ्या हातावर चापट मारलीस आणि म्हणालीस, "बावळ्या, थे बेटं आहेत. चारही बाजूनं पानी. मी जानार आहे तिथं." त्याच वर्षी तुझी शाळा सुटली आणि मी पुढे तेच ठिपके शिकवून पोट भरलं. खरं तर भूगोलाचा पहिला धडा मी तुझ्याकडून घेतला.

भाऊजींनाही तू हे सांगून ठेवलं होतंस. दोन हजार वीसच्या संक्रांतीला तुमच्या अंगणात तिळगूळ खात ते म्हणाले होते, "मधू, तू मास्तर आहेस, तू बेट पाहून ठेव. तूर निघाली का चौघंही जाऊ." मग मार्च आला, आणि पुढे...

असो. तर न्यायचं काय ते ऐक. शेंगदाण्याची चटणी, मुगाचे पापड, घरचं तिखट. तुझ्यासाठी सुरभीने रबरी चपला पाहून ठेवल्या आहेत, निळ्या, तुझ्या मापाच्या. शालू आतापासून चालायचा सराव करते, रोज बस स्टँडपर्यंत जाते आणि येताना ऑटोने येते.

अक्का, मी हे सगळं कशासाठी लांबवतो आहे, ते तुला कळलंच असेल. लहानपणी तुझी पाटी माझ्या हातून फुटली की मी आधी तुला चिंचा आणून द्यायचो आणि मग सांगायचो. तसंच चाललं आहे.

गेल्या वर्षी सप्टेंबरात भाऊजी गेले, त्या सकाळी तुझा फोन आला. नीरज दवाखान्यात होता, भाऊजींना घरी आणायची परवानगी नव्हती, तू घरात एकटी होतीस. तू दोनच शब्द बोललीस, "मधू, ये." मी म्हणालो, "अक्का, मले ताप आहे."

मला ताप नव्हता.

थर्मामीटर लावून पाहिला होता, सत्त्याण्णव होता. मला भीती वाटत होती, बस. वर्तमानपत्र उन्हात वाळवून वाचणारा आणि भाजी साबणाने धुणारा माणूस मी. आदल्या दिवशी नीरज भाऊजींना घेऊन दवाखान्यात खाट शोधत गावोगाव फिरत होता, तेव्हाही मी घरात दार लावून बसलो होतो. तक्त्यात दवाखान्याला चाळीस गुण का, ते शालूला ठाऊक आहे. तिने मुद्दाम चेष्टा केली.

तेरवीला माहेरचा दुखवटा भावाने स्वतः न्यायचा असतो. शालूने तुझं लुगडं, नीरजचं टोपी-उपरणं नीट पुड्यात बांधून दिलं. मी तो पुडा एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिला. एखाद्याचा विसरलेला चष्मा पाठवावा, तसा. वर्ध्याला गाडी बदलून, दोन कंडक्टरांच्या हातून तो तुझ्या दारी आला. तिसऱ्या दिवशी तो परत आला. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, त्या बाईनं सोडून पन नाई पाह्यला. म्हने, ज्याचा आहे त्याले म्हना, तूच घिऊन येजो."

पुडा हातात घेतला तेव्हा वरची चिठ्ठी मला दिसली. माझंच अक्षर होतं. चाळीस वर्षांच्या सवयीने मी लिहून गेलो होतो, "सौ. धुरपता सदाशिवराव." दुखवट्याच्या पुड्यावर, अक्का! मी तिथेच स्टँडवरच्या बाकावर बसलो आणि दोन गाड्या निघून जाईपर्यंत मला उठता आलं नाही. या पत्राच्या पाकिटावर मी तुझ्या नावाआधी काहीच लिहिलेलं नाही. जे लिहायची रीत आहे, ते माझ्या हाताने होत नाही.

मागच्या भाऊबीजेला मी कोरोनाचं कारण सांगितलं. वर्षश्राद्धाला शालूच्या गुडघ्यांचं. खरं कारण एकच होतं, तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. तू तर निरोपात वाट मोकळी ठेवली होतीस, मीच चाललो नाही. मला माफ कर. लहान आहे म्हणून नाही, चुकलो म्हणून.

यंदा भाऊबीज सहा नोव्हेंबरला, शनिवारी आहे. मी येतो. पुडा माझ्या स्वतःच्या हातात असेल, चिठ्ठी काढून टाकली आहे. रागवायचं असेल तर फाटकातच रागव, सगळ्या आळीला ऐकू जाऊ दे. ओवाळायचं मनात नसेल तर ओवाळू नकोस. पण ओवाळायचं असेल तर तूच ओवाळ, ताट सूनबाई आचलच्या हाती देऊ नकोस. लोकांना काय बोलायचं ते मला बोलू दे.

आणि मन झालं तर तुझं आधार कार्ड काढून ठेव. सुरभीने तिकिटाच्या अर्जात दोन नावं भरली आहेत. तिसरी ओळ रिकामी आहे, खिडकीची. नाही म्हणालीस तर बेट राहू दे, आपण तुझ्या अंगणातच बसू. पुडा मात्र त्या दिवशी तुझ्या हातात देणार, मगच पाणी पिणार.

नीरज, आचलला आशीर्वाद. शालू आणि सुरभीचा तुला नमस्कार.

तुझा,
अंगात ताप नसलेला,
मधू