मोठ्यानं मागितलेली माफी

भिवंडी, ५ जुलै २०२४

ती. बाबांस विनिताचा शि. सा. न. वि. वि.

मोबाईलवर आपलं बोलणं लगेच भांडणावर जातं, म्हणून लिहिते. तुमच्या लाडक्या नातीनं प्रताप केलाय. क्षितिजाच्या वर्गात सुकन्या नावाची नवी मुलगी आली. वडील निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर कामाला, खोली कारखान्याला लागून. दिवसरात्र खटखट, त्यामुळे पोरीला ओरडून बोलायची सवय. आपल्या बाईसाहेबांनी तिचं नाव ‘भोंगा’ ठेवलं आणि ते अख्ख्या वर्गाला आवडलं. आता सुकन्या शाळेत येत नाही. तिची आई शाळेतून नावच काढायला निघालीय.

शाळेत नेमका माणुसकी सप्ताह चालू आहे. बाईंनी मला बोलावून सांगितलं, मुलीला घेऊन त्यांच्या घरी जा आणि दोघींनी माफी मागा. मी का? मी कोणाला भोंगा म्हटलं? हरेश म्हणतात, मिठाईचा बॉक्स पाठवून देऊ. तुम्ही सांगा काय ते.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची विनिता


दिघाशी, ९ जुलै २०२४

चि. विनितास काळूरामचा आशीर्वाद.

लावणीची घाई हाय, म्हणून थोडक्यात. तू इचारतेस, मी का. अगं, नावं ठेवायची विद्या पोरगी शाळंत न्हाय शिकली. मे महिन्यात हळदीला आलीस तवा अख्ख्या मांडवाला नावं ठेवलीस. पोरगी बाजूला बसून हसत व्हती. मी पन हसलो, खोटं कशाला सांगू?

मिठाई पाठवू नका. जावईबापूंना म्हनावं, मिठाईला तोंड नसतं. दुसऱ्याची पोर आपल्या पोरीपायी घरी बसली तर ते पाप आपल्याच दारात. तिघंबी जावा.

माया हायच. रागाचं नंतर बघू.

तुझा बाबा


भिवंडी, १५ जुलै २०२४

ती. बाबांस सा. न.

काल तिघंही गेलो, हरेश तोंड पाडून. खोलीची मागची भिंत म्हणजेच कारखान्याची भिंत. सुकन्याच्या आईनं चहा दिला. त्या काय बोलत होत्या ते खटखटीत मला शेवटपर्यंत कळलं नाही, मी नुसती हसत राहिले.

क्षितिजानं हळूच माफी मागितली. सुकन्यानं ऐकू येत नाही अशी खूण करत कानाला हात लावला. पुन्हा मागितली, पुन्हा हात कानाला. शेवटी आमच्या कन्येनं बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं की भोंगा नाव मी ठेवलं, चुकले, तू शाळेत ये. गल्लीतली माणसं दारात जमली. मग मलाही तितक्याच मोठ्यानं माफी मागावी लागली. लाज वाटली हो, बाबा.

आज सुकन्या शाळेत आली, क्षितिजाशेजारीच बसली. हसत म्हणाली की, तुझी माफी मला पहिल्या वेळीच कळली होती. आमच्याकडे लूमच्या आवाजात कोणालाच ऐकू येत नाही, सगळे ओठ बघून बोलणं ओळखतात. क्षितिजालाही हसू आलं. मग सुकन्यानं सांगितलं की, डबा खाताना तुम्ही लांब बसून माझ्याबद्दल कुजबुजायचात ना, तेही सगळं कळायचं.

क्षितिजा घरी आल्यापासून जेवलेली नाही. मी तिच्याजवळ ताट घेऊन बसलेय.

लोभ असू द्या, दोघींवर.

तुमची विनिता