कोपऱ्याचा टवका

३ जून
लागले एकदाची! कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरीला कॅन्सरच्या प्रयोगशाळेत दोन महिने शिकायला घेतात, यावर आईचा अजून विश्वास नाही. "बाटल्या धुवायला लावतील बघ." आज तीन तास बाटल्याच धुतल्या. आईला सांगणार नाही.

मला शिकवणारी एक ताई आहे, तिचं पीएचडीचं चौथं वर्ष. आणि आम्हा दोघींच्या वर सर. जाड गोल चष्मा, मान तेवढी वळवून बघतात, पापणी लवत नाही. घुबड!

५ जून
हात स्पिरिटने पुसायचे, बाटली स्पिरिटने पुसायची, टेबल स्पिरिटने पुसायचं. घरी जेवताना चमचा पुसत बसले. आई म्हणाली, "काय गं, माझ्या भांड्यांना रोग झालाय का?"

९ जून
आज सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहिल्या. कॅन्सरच्या, पण दिसायला काय गोड आहेत मेल्या! ताई म्हणते, "यांना मारायचंय, लाड करायचे नाहीत." पण मारायच्या आधी खाऊ घालायचं, ऊब द्यायची, रोज डोकावून बघायचं — हे लाड नाहीत तर काय?

१२ जून
मोठं काम, तेही माझ्या हाताने! दोन थाळ्या, प्रत्येकीत सहा वाट्या, प्रत्येक वाटीत मोजून पाचशे पेशी. एका थाळीत ताईचं औषध, दुसरीत काही नाही — ती साधी. बारा दिवस उबेच्या कपाटात ठेवायच्या. ज्या पेशी तगतील त्यांचे ठिपके होतात. औषध लागू पडलं तर ठिपके कमी. ताई तीन वर्षं या औषधाच्या मागे आहे बिचारी.

थाळ्यांच्या तळाला नावं घातली. डबीतलं काळं पेन सापडेना, म्हणून माझ्या गुलाबीने लिहिलं. छान उठून दिसतं!

औषधाची थाळी आत ठेवताना कपाटाच्या कडेवर आपटली, कोपऱ्याचा टवका उडाला. सांडलं काहीच नाही. ताई फोनवर होती. मी गप्प बसले.

१८ जून
घुबड पहिल्यांदा माझ्याशी बोललं. कपाटाच्या काचेतून थाळ्यांकडे बघून म्हणालं, "गुलाबी?" बस्स, एवढंच.

२४ जून
मेले! मेले! मेले!

थाळ्या बाहेर काढल्या, सवयीने स्पिरिटने लख्ख पुसल्या, रंग घातला. ठिपके वर आले — एक थाळी गच्च, दुसरी जवळजवळ रिकामी. मी तर नाचायचीच बाकी होते. कुठली कुठली बघायला थाळ्या उलट्या केल्या तर दोन्ही कोऱ्या! गुलाबी पेन स्पिरिटने जातं. काळं जात नाही, म्हणून तर ते डबीत असतं.

परवा विभागाच्या बैठकीत ताईला हेच दाखवायचंय. तिचा चेहरा पाहवेना. "रिकामी ती औषधाची, उघड आहे," म्हणाली आणि लगेच, "नाही. मला विचारूच नकोस. मला काय हवंय ते मला माहीत आहे."

तेवढ्यात मला टवका आठवला! सगळं कबूल केलं. टवका साध्या थाळीला, शंभर टक्के, छातीठोकपणे सांगितलं. आणि टवक्याची थाळी गच्च होती, म्हणजे औषध जिंकलं! ताईने मिठीच मारली. दारात उभं असलेलं घुबड मात्र जागचं हललं नाही. "लिहिलंय कुठे?"

प्रयोगाच्या वहीत नाही. "घरी रोजनिशीत असेल," मी बोलून गेले. ही जीभ!

"उद्या घेऊन ये."

२४ जून, संध्याकाळ
१२ जूनचं पान वाचलं. *औषधाची* थाळी.

मी खोटं बोलले नव्हते गं! मला खरंच साधी आठवत होती, अगदी डोळ्यांसमोर दिसत होती. ताईला जे हवं होतं तेच मला आठवलं. म्हणजे औषधाच्या थाळीत पेशी उलट माजल्यात.

हे पान फाडलं तर कुणाला कळणार आहे? ताई खूश, मी खूश. पण हे औषध पुढे कुणाच्या तरी आईच्या अंगात जाईल.

नाही फाडत. पण अरे देवा, या वहीत घुबड किती वेळा आहे!

२५ जून
सुट्या कागदावर लिहितेय, वही सरांकडे आहे. नंतर चिकटवेन.

ताईने ते पान दोनदा वाचलं आणि खुर्चीत बसली. मग रडली. मीही रडले, उगाच कशाला लपवू! सर म्हणाले, "बैठकीत काही दाखवायचं नाही. पुन्हा करा. तीन-तीन थाळ्या. खुणा सुईने कोरा, आणि मोजणारीला कुठली कुठली ते कळू देऊ नका."

ताईने नाक पुसलं. "चल, ऊठ. पेशींना भूक लागली असेल."

९ जुलै
मी मोजले, ताईने खुणा वाचल्या. औषधाच्या तिन्ही थाळ्या गच्च, साध्या तिन्ही विरळ! ताई म्हणाली, "मारत नाही, पोसतं? का पोसतं ते शोधू." आणि चक्क हसली.

वही परत मिळाली. चारही ठिकाणी 'घुबड'खाली पेन्सिलीची रेघ. शेवटी बारीक अक्षरात:

"टवका त्याच दिवशी सांगायचा होता. पान फाडलं नाहीस. पुढच्या वर्षी ये, जागा ठेवतो. पेन काळं. — घुबड"