पंचवीस अहवाल

४ नोव्हेंबर

शून्य. आवाहन टाकून दोन दिवस झाले, अहवाल शून्य.

खडूसचं म्हणणं ठाम— पंचवीस जणांनी आपापल्या मशीनवर चालवून लेखी कळवल्याशिवाय नवा ‘कंठ’ बाहेर काढायचा नाही. आम्ही चौघांनी फावल्या वेळात लिहिलेला, अंधांना पडद्यावरचं वाचून दाखवणारा, कोणाच्याच मालकीचा नसलेला प्रोग्राम. पण खडूस सगळ्यांत जुना, म्हणून त्याचा शब्द शेवटचा. आणि तो बरोबर आहे, हीच तर पंचाईत! मागच्या वेळी घाईनं सोडला आणि परीक्षेला बसलेल्या एका मुलीचं मशीन मध्येच मुकं झालं. पडदा तिला दिसत नाही, कंठ वाचून दाखवत नाही. चाळीस मिनिटं ती नुसती बसून होती. तो भाग मी लिहिला होता.

एक डिसेंबरला ताईच्या एसटी डेपोतली सगळी मशीनं बदलणार. त्यांच्यावर जुना कंठ चालत नाही, आणि कच्चं व्हर्जन घालायला परवानगी नाही. म्हणजे तीस तारखेच्या आत पंचवीस अहवाल आले नाहीत तर ताईची खुर्ची गेली. सहा वर्षं ती तिथं चौकशीचा फोन घेते. डाव्या कानात कंठ वेळापत्रक वाचतो, उजव्या कानात प्रवासी ओरडतो, आणि ही मधल्या मध्ये शांतपणे सांगते, ‘सव्वाचारची गेली, आता पाच दहाची.’

फॉर्म तर किती सोपा केलाय मी. शाळेतल्या फॉर्मवरूनच बेतला. भरायचा आणि खालचा हिरवा बाण दाबायचा. बाण बायकोनं काढून दिला, छान दिसतो.

७ नोव्हेंबर

तेवीस रकाने फार झाले असतील. आज शाळेत मधल्या सुट्टीत लॅबमध्ये बसून नऊवर आणले. शिवाय लिहिलेलं आपोआप साठत जाईल अशी सोय केली— वीज गेली तरी वाया जायला नको. आता तरी या, बाबांनो.

८ नोव्हेंबर

एक आला! उघडला तर बायकोचा. ‘आवाज गोड आहे’ एवढंच.

१० नोव्हेंबर

मास्तरांचा मेल. अंधशाळेत गाणं शिकवतात, कंठ अगदी पहिल्यापासून वापरतात. ‘फॉर्म पुरा होत नाही.’ बस, एवढंच. काय होत नाही, कुठं अडतंय, काही नाही. मी लिहिलं, ‘सगळे रकाने भरलेत का, एकदा नीट पाहा.’ तशाच अर्थाचे आणखी दोन मेल आले. शेवटी एक उत्तर तयारच करून ठेवलं, तेच सगळ्यांना जातं. खडूसनं आधीच बजावलंय, मेलवरचं काही धरायचं नाही, फॉर्ममधूनच आलं पाहिजे.

१२ नोव्हेंबर

कंठ वापरणाऱ्यांच्या यादीतून बत्तीस फोन केले. तास संपला की एक, सुट्टीत चार, घरी येताना बसथांब्यावर उभं राहून सहा. घसा बसला.

‘हो हो, करतो.’ ‘बघतो हं.’ ‘तुमचं काम फार मोठं आहे, सर.’ मोठं आहे ना, मग लाव की हात!

एक बाई म्हणाल्या, ‘मी केलंय ना.’ मी म्हटलं, माझ्याकडे काही आलेलं नाही. मग म्हणाल्या, ‘बरं, पुन्हा करते.’ सरळ सरळ थाप. आमच्या वर्गातली पोरंसुद्धा वही घरी राहिली हे याहून बरं सांगतात.

१३ नोव्हेंबर

काही नाही.

१५ नोव्हेंबर

ताईशी भांडलो. भांडायचं नव्हतं.

तिच्याकडे गेलो तर ही भाजी निवडत बसलेली. मी विचारलं, तू तरी केलंस का ग? म्हणाली, ‘बघितलं थोडं.’ थोडं म्हणजे? ‘चालतंय चांगलं.’ मग कळव ना तसं! फॉर्म भर! तर म्हणाली, ‘भरीन रे, सवडीनं.’

सवडीनं! मी इथं लोकांच्या हातापाया पडतोय आणि जिची नोकरी जायची वेळ आलीय तिला सवड नाही. बोललो मी, नको ते बोललो. तुझ्यासाठी मरमर करायची आणि तूच हातावर हात ठेवून बसायचं, असं. ती खाली मान घालून देठं मोडत राहिली. तिला दिसत नसलं तरी मान खाली घालायची तिची लहानपणची सवय गेलेली नाही. मला फार वाईट वाटलं, पण रागही गेला नाही. चहा न घेताच उठलो.

१९ नोव्हेंबर

एकूण तीन. बायको, शाळेतले चित्रकलेचे सर आणि मेव्हणा. मेव्हण्यानं म्हणे न्याय व्हावा म्हणून डोळे मिटून तपासलं, आणि त्याला झोप लागली. तेही त्यानं फॉर्ममध्ये लिहिलंय.

तिघेही डोळस! ज्यांच्यासाठी आठ वर्षं डोळे फोडले त्यांच्यातला एकही नाही. हसावं की रडावं कळत नाही. खरं म्हणजे कळतं.

२१ नोव्हेंबर

आज सगळ्यांना पत्र पाठवलं. यादीतल्या चारशे जणांना. इथं उतरवून ठेवतो, म्हणजे नंतर मी असं लिहिलंच नव्हतं म्हणायला नको.

‘आयतं खायची सवय लागली आहे तुम्हाला. चार माणसं तुमच्यासाठी राबतात आणि तुमच्याच्यानं नऊ रकाने भरवत नाहीत. तीस तारखेला एका बाईची नोकरी जाईल ती तुमच्या आळसामुळे. कंठ मुका झाला तर माझ्याकडे रडत येऊ नका.’

बायको म्हणाली, ‘उद्या पाठव. आज नको.’ तिच्यासमोर दाबलं बटण.

२२ नोव्हेंबर

एकाचंही उत्तर नाही. लाज वाटली असेल. वाटू दे.

२५ नोव्हेंबर

खडूसचा निरोप— ‘तीनवर काढता येणार नाही. पुढच्या वर्षी बघू. तू दमलायस, थोडा थांब.’ त्यानं मला दमलायस म्हणावं! आठ वर्षांत पहिल्यांदा गोड बोलला, तेही हे सांगायला.

वर्गात फळ्यावर एकच ओळ दोनदा लिहिली. पोरं हसली. मी ओरडलो नाही, तेव्हा हसायची थांबली.

ताईला सांगायचंय. पाय उचलत नाही.

२८ नोव्हेंबर

आज गेलो. जाताना तिला लागतात ती वेलचीची बिस्किटं नेली, म्हणजे काहीतरी हातात असावं म्हणून. पंधरा तारखेनंतर आम्ही धड बोललेलो नाही.

मी तोंड उघडायच्या आत तिनंच सांगितलं. सोमवारी तिनं डेपोत राजीनामा दिलाय. साहेबांनी तो खणात ठेवलाय, म्हणाले तीस तारखेपर्यंत विचार करा. ‘पण मी काय विचार करणार? दिला तो दिला.’

मी म्हटलं, वेडी आहेस का? दुसरी जागा मागायची, भांडायचं, राजीनामा कसला देतेस?

तर म्हणाली, ‘अरे धाकट्या, मला जमतच नाही आता. डोकं चालत नाही पूर्वीसारखं. तुझा एवढासा फॉर्म, नऊ रकाने, तोसुद्धा मला पाठवता येत नाही. चारदा बसले. तिथं हे असं, मग नव्या मशीनवर प्रवाशांना काय सांगणार? माझ्यामुळे कोणाची गाडी चुकायला नको.’

पाठवता येत नाही म्हणजे? मी म्हटलं, बस. माझ्यासमोर भर.

ती बसली. बोटं सराईत चालली होती. टॅबची कळ, नाव. टॅब, मशीन कोणतं. कंठ एकेक रकाना वाचत होता, ती उत्तरं टाकत होती— माझ्याहून भरभर. नववा रकाना झाला. तिनं टॅब दाबला.

कंठ गप्प.

पुन्हा दाबला, तर सरळ वरचा पहिला रकाना वाचायला लागला. ती म्हणाली, ‘हे बघ. इथंच माझं काहीतरी चुकतं. पाठवायचं बटणच सापडत नाही मला.’

मी पडद्याकडे पाहत होतो. खाली हिरवा बाण, बायकोनं काढलेला, सुंदर. नुसतं चित्र. त्याला मी कंठाला वाचता येईल असं नाव दिलेलं नाही, टॅबच्या रांगेतही घेतलेलं नाही. ज्याला दिसतं त्यानं माऊस नेऊन दाबावं. आंधळ्यांसाठी लिहिलेल्या प्रोग्रामचा फॉर्म, आणि तो मी डोळ्यांनी तपासला! दुसऱ्यांच्या पानांत हीच चूक काढून मी आठ वर्षं त्यांना पत्रं लिहितोय.

‘काय झालं? बोल ना,’ ताई म्हणाली. तिचा हात धरून बसलो. मग सगळं सांगितलं, एकवीस तारखेचं पत्रसुद्धा. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. नंतर म्हणाली, ‘ते मलाही आलं होतं रे.’

२९ नोव्हेंबर, सकाळ

आपोआप साठलेलं कुठं जातं ते आज पहिल्यांदा उघडून पाहिलं. ‘अर्धवट’ नावाचा कप्पा, मीच केलेला. एकशे सात अहवाल, पंचवीसहून कितीतरी जास्त जणांचे. नऊच्या नऊ रकाने भरलेले. मास्तरांचे सहा. त्या फोनवरच्या बाईंचे तीन. माझ्या पत्रानंतरच्या एका दिवसात चव्वेचाळीस.

सगळे खडूसला पाठवले. ताईला घेऊन आता डेपोत निघतोय, तो कागद खणातून परत मागायला.

तिचे चार आहेत. चौथ्यात, ‘आणखी काही सांगायचे आहे का’ या रकान्यात तिनं लिहिलंय— ‘प्रोग्राम चांगला आहे, दोष काही नाही. मीच कमी पडते. माझ्या भावाला हे कळवू नये.’